पोटातले भाडेकरू

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोललो तसेच, थोडे आवरून दिले आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी फोन करून विचारलं, "कशावर बोलणार?" मी म्हटलं, "आतड्यावर." ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "साहेब, भाषणानंतर जेवण आहे हो." मी म्हटलं, जेवण आहे म्हणूनच हा विषय घेतला. तुम्ही काळजी करू नका, कुणाची भूक मारणार नाही.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. शिक्षण बी.एस्सी. आणि नोकरी बँकेत. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळतो, आणि गेल्या काही वर्षांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल मी मुद्दाम वाचलं. त्याला कारण आहे. कल्याणच्या शाखेत माझे एक सहकारी होते. वय बावन्न, निर्व्यसनी, रोज डोंबिवलीहून गाडीने येणारे. त्यांना शौचावाटे रक्त जायला लागलं. कुणीतरी सांगितलं मूळव्याध आहे. मग मलम झालं, इसबगोल झालं, एका वैद्यांची पुडी झाली, शेजाऱ्याने सांगितलेला सुरणाचा प्रयोग झाला. चौदा महिने. या चौदा महिन्यांत एकानेही त्यांना आडवं झोपवून बोटाने तपासलं नाही, आणि संकोचामुळे त्यांनीही कधी तसं म्हटलं नाही. घरी वहिनींनासुद्धा रक्ताचं ठाऊक नव्हतं. शेवटी हिमोग्लोबिन सातवर आलं, तेव्हा तपासणी झाली. गाठ गुदाशयात होती आणि रोग यकृतापर्यंत गेला होता. पुढच्या वर्षी ते गेले.

आपल्यासारख्या पांढरपेशा घरात बी.पी. सांगतात, शुगर सांगतात, गुडघे तर सगळ्या जिन्याला सांगतात. पण संडासात काय झालं ते कुणी कुणाला सांगत नाही. म्हणून आज हा विषय.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या मोठ्या आतड्याची लांबी साधारण दीड मीटर. त्यात जिवाणूंची वस्ती असते. किती? इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली नीट हिशेब मांडला. सत्तर किलोच्या माणसात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. लाख कोटी हा शब्द आपण एरवी बजेटच्या दिवशीच ऐकतो! वजन मात्र सगळ्यांचं मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आपण स्वतःला घरमालक समजतो, पण डोकी मोजली तर भाडेकरूच जास्त.

हे भाडेकरू बहुतेक सज्जन आहेत. आपण खातो त्यातला चोथा आपल्याला पचत नाही. ज्वारीचा कोंडा, डाळीचं साल, भाजीचे तंतू, हे सगळं मोठ्या आतड्यात जसंच्या तसं पोचतं. तिथे हे जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन हेच. शिवाय ते दाह शांत ठेवतं. भाडं वेळेवर येतं म्हणा ना.

या अस्तरावर बुळबुळीत थर असतो. त्याचा आतला भाग निरोगी माणसात जवळजवळ जिवाणूमुक्त असतो. ही आपली कंपाउंड वॉल. भाडेकरूंनी भिंतीच्या पलीकडे राहायचं, पेशींनी अलीकडे. आता चोथा मिळाला नाही तर काय होतं? २०१६ मध्येच उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात दिसलं की आहारातला चोथा बंद केला की काही जिवाणू हा थरच खायला लागतात. भिंत पातळ होते आणि नको ती मंडळी थेट पेशींना चिकटतात. मग आपला वॉचमन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती, शिट्टी वाजवत धावते. यालाच दाह म्हणायचं.

दाह वाईट नसतो. बोट कापलं की ते लाल होतं, सुजतं, ठणकतं आणि चार दिवसांत बरं होतं. तो दाह आपलं काम करून निघून जातो. प्रश्न न विझणाऱ्या दाहाचा आहे. वॉचमन दिवसरात्र दंडुका फिरवत राहिला तर चोराबरोबर सोसायटीच्या काचाही फुटणार. दाहाच्या पेशी जिवाणू मारण्यासाठी जी तिखट रसायनं सोडतात, ती आपल्याच पेशींच्या डी.एन.ए.ला इजा करतात. वर "वाढा, भरून काढा" असे निरोपही सुटत राहतात. आतड्याचं अस्तर मुळातच दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. एवढ्या वेगाने नकला काढायच्या म्हणजे लेजर पोस्टिंगसारख्या चुका होणारच. एरवी त्या पकडल्या जातात. दाह चालू असताना चुकाही वाढतात आणि चुकलेल्या पेशींना वाढायला उत्तेजनही मिळतं. जुनाट दाह आणि कॅन्सर यांचा संबंध जर्मन शास्त्रज्ञ फिरशॉव यांनी १८६३ मध्येच सुचवला होता. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला जुनाट सूज आणि व्रण असलेल्या रुग्णांत आज तो स्पष्ट दिसतो. म्हणूनच आजाराला आठ वर्षं झाली की त्यांना दुर्बिणीने नियमित तपासणी सांगतात.

आता काही दुष्ट भाडेकरूंची ओळख करून देतो. तिघांची नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिला फ्युसोबॅक्टेरियम. हा खरा राहणारा तोंडातला, दातांच्या हिरड्यांमधला. २०११ च्या अखेरीस अमेरिका आणि कॅनडातल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की आतड्याच्या गाठींमध्ये हा बाजूच्या निरोगी भागापेक्षा कितीतरी जास्त असतो. २०१७ मध्ये तर असं दिसलं की आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला तेव्हा हा जिवाणूही त्याच्याबरोबर तिथे पोचला होता.

दुसरा ई. कोलाय. हा आपल्या सगळ्यांच्या पोटात असतो आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण त्याच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात. ते डी.एन.ए.चे दोन धागे एकमेकांना चिकटवून टाकतं. तिसरा बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस, त्यातही विष सोडणारी जात. हा भिंत सैल करतो आणि दाह भडकवतो.

तुम्ही विचाराल, हे जिवाणू गाठीमुळे आले की गाठ जिवाणूंमुळे झाली? प्रश्न बरोबर आहे. गाठ झाल्यावर तिथे आयतं घर मिळालं म्हणूनही ते जमू शकतात. फ्युसोबॅक्टेरियमबाबत हा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण कोलिबॅक्टिनचं प्रकरण बरंच पुढे गेलं आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत आतड्याला दाह असलेल्या उंदरांत दोन प्रकारचे ई. कोलाय सोडले, एक विष बनवणारा आणि दुसऱ्यातून विषाचं यंत्र काढून टाकलेला. दाह दोन्हीकडे सारखाच राहिला, पण विष काढलेल्या गटात गाठी कमी झाल्या. म्हणजे दाहाने दार उघडलं आणि विषाने घाव घातला, असं दोघांनी मिळून काम केलं. मग २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये माणसाच्या आतड्याच्या पेशींचे छोटे गोळे प्रयोगशाळेत वाढवून त्यात हा जिवाणू पाच महिने पुन्हा पुन्हा टोचला. त्या विषाने डी.एन.ए.वर ठरावीक खुणा सोडल्या, जशी बनावट सही ओळखता येते तशा. त्याच खुणा मग खऱ्या रुग्णांच्या गाठींतही सापडल्या.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अकरा देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांत या खुणा सत्तरी ओलांडलेल्यांपेक्षा ३.३ पट जास्त आढळल्या. त्यावरून शास्त्रज्ञांचा अंदाज असा की हा घाव बहुधा लहानपणीच, पहिल्या दहा वर्षांतच पडत असावा. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण नातवंडांच्या डब्यात काय जातं याकडे बघायला एवढं कारण पुरे आहे.

पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र आपल्याकडे आणलं ते एका मराठी बाईंनी, हे आपल्या मुलींना सांगायला हवं. डॉ. कमल रणदिवे. जन्म १९१७, पुणे. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. परळला डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे हे तंत्र शिकल्या आणि परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. कुष्ठरोगाच्या जिवाणूंवरही त्यांनी काम केलं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला.

खानोलकरांचा विचार असा होता की कुठल्या समाजात कुठला कॅन्सर जास्त, हे बघितलं की कारणाचा माग लागतो. पुढे मुंबईत १९६३ मध्ये कॅन्सरची नोंदवही सुरू झाली, देशातली पहिली. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण भागासाठी नोंदवही सुरू झाली. या दोन वह्या शेजारी ठेवल्या की दिसतं, मोठ्या आतड्याचा कॅन्सर बार्शीकडे कमी आणि मुंबईत जास्त. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो अजूनही कमीच आहे. पण जपानी लोक हवाईत जाऊन राहिले तेव्हा एका पिढीत त्यांचं प्रमाण अमेरिकेच्या वळणावर गेलं. रक्त तेच, ताट बदललं. आपली मुलं न्यू जर्सीला गेली असतील, पण ताट तर इथे डोंबिवलीतही बदललंच आहे.

ताट बदललं की भाडेकरू किती लवकर बदलतात? २०१५ मध्ये एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे वीस कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले वीस जण घेतले आणि दोन आठवडे त्यांच्या जेवणाची अदलाबदल केली. अमेरिकनांना चोथ्याचं, कमी चरबीचं जेवण. आफ्रिकनांना बर्गरच्या वळणाचं, मांसाचं आणि चरबीचं. दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यातला दाह उतरला आणि ब्युटिरेट वाढलं. आफ्रिकनांचं बरोबर उलट झालं. दोन आठवड्यांत कॅन्सर होतही नाही आणि टळतही नाही, पण वारा कुठल्या दिशेने वाहतो ते कळलं.

आपल्या पोटातल्या वस्तीचाही अभ्यास झालेला आहे, तोही पुण्यात. आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र इथल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दोन एकत्र कुटुंबं घेतली. एकाच छताखाली राहणाऱ्या, एकच स्वयंपाक जेवणाऱ्या तीन-तीन पिढ्या. त्यांना दिसलं की वयाबरोबर जिवाणूंच्या मोठ्या गटांचं प्रमाण बदलत जातं. पुण्याच्याच पुढच्या कामात असं दिसलं की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हा गट भरपूर असतो. धान्य आणि भाजीपाला खाणाऱ्यांत हा सहसा आढळतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाकरी-आमटीने आपल्या पोटात एक वस्ती वसवली आहे. ती मोडायची की राखायची, हे आपल्या हातात आहे.

आता बँकेच्या भाषेत सांगतो. कुठलंही कर्जखातं एका रात्रीत बुडीत होत नाही. आधी हप्ता लांबतो, मग खातं देखरेखीखाली येतं, मग नव्वद दिवसांनी एन.पी.ए. होतं. आतड्याचंही तसंच आहे. आधी अस्तरावर पॉलिप येतो, म्हणजे मशरूमसारखा छोटा कोंब. बहुतेक पॉलिप काही करत नाहीत. जे बिघडतात त्यांनाही कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. दहा वर्षं! एवढी नोटीस दुसरा कुठला रोग देतो? आणि या मुदतीत पॉलिप दुर्बिणीतून दिसला तर त्याच बैठकीत काढता येतो. अमेरिकेत पॉलिप काढलेल्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा या कॅन्सरने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा निम्म्याहून कमी झाल्याचं २०१२ मध्ये दिसलं.

आपल्याकडे अडचण ही की खातं एन.पी.ए. झाल्यावरच शाखेत कळतं. टाटा हॉस्पिटलने एका वर्षातल्या ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आहे. सरासरी वय सुमारे ४७. निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार एकच, शौचावाटे रक्त. आणि सरकारच्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत, आतडं नाही. म्हणजे घरी बोलावणं येणार नाही. आपणच जायचं आहे.

तर काय करायचं? थोडक्यात सांगतो.

पहिलं, रक्त दिसलं तर "मूळव्याधच असेल" असं स्वतःचं स्वतः ठरवायचं नाही. बहुतेक वेळा ती मूळव्याधच निघते, हेही खरं. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगू दे. मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला असू शकतात. शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, कारण नसताना वजन उतरलं, तरी जायचं. आणि पन्नाशीनंतर पुरुषाचं हिमोग्लोबिन उतरलं, किंवा पाळी बंद झालेल्या बाईचं उतरलं, तर नुसती लोहाची गोळी घेऊन गप्प बसू नका. रक्त जातंय कुठे, हे विचारा.

दुसरं, पन्नाशी झाली असेल तर त्रास नसतानाही डॉक्टरांशी तपासणीबद्दल बोला. अमेरिकेत आता पंचेचाळीसपासूनच सांगतात. शौचातलं न दिसणारं रक्त शोधण्याची साधी चाचणी असते. कोलोनोस्कोपीला घाबरायचं कारण नाही. आदल्या दिवशी हलकं जेवण, पोट साफ करायचं औषध, आणि तपासणीच्या वेळी गुंगी देतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. खरा त्रास आदल्या रात्रीचा, संडास जवळ असावा एवढंच. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा रोग झाला असेल तर पन्नाशीची वाट बघू नका, लवकर विचारा.

तिसरं, ताट. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान २५ ग्रॅम चोथा सांगते. ज्वारीच्या एका भाकरीत साधारण पाच ग्रॅम असतो. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि एक पेरू, झाला हिशेब. त्यासाठी परदेशी बियांची पुडकी आणायला नकोत. वडापाव बंद करा असं मी म्हणणार नाही, डोंबिवलीत राहून ते पाप आहे. पण रोजचं जेवण म्हणून तो नको. सॉसेज, सलामीसारखं टिकवलेलं मांस २०१५ मध्ये कॅन्सरकारक यादीत गेलं आहे. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका १८ टक्क्यांनी वाढतो. मुलांच्या डब्यात हल्ली ते असतं म्हणून सांगतो. तंबाखू, दारू आणि दिवसभर बसून राहणं, ही तीन नावं तुम्हाला पाठ आहेत.

चौथं, काय करू नये. दुकानात जिवाणूंच्या महागड्या बाटल्या मिळतात. त्यांनी आतड्याचा कॅन्सर टळतो असा पुरावा नाही. ताक प्या, चांगलंच आहे, पण औषध म्हणून नाही. ॲस्पिरिनने काही आनुवंशिक रुग्णांत हा धोका कमी झाल्याचं दिसलं आहे, म्हणून ती आपल्या मनाने सुरू करू नका, तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अँटिबायोटिक उरलेल्या पाकिटातून घेऊ नका, ती सज्जन भाडेकरूंनाही बाहेर काढतात. आणि दात, हिरड्या सांभाळा. त्याने कॅन्सर टळेलच असं नाही, पण फ्युसोबॅक्टेरियमची मूळ वस्ती तिथेच आहे.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, कार्ड काढून ठेवा. परळ आपल्यापासून एका स्लो गाडीवर आहे. आपल्या कट्ट्यावरच्या ज्यांना तपासणीला जायचंय आणि सोबत कुणी नाही, त्यांनी मला सांगावं. मी येईन. गुंगी दिल्यावर एकट्याने घरी जाऊ देत नाहीत, आणि ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत त्यांची तपासणी बहुतेक याच एका कारणाने पुढे ढकलली जाते. पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या चाव्या सांभाळल्या, टँकरच्या रांगेत एकमेकांचे हंडे भरले. हेही करू.

आज घरी गेल्यावर एकच करा. नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला विचारा, "तुला तसला काही त्रास नाही ना?" लाजायचं वय आपलं कधीच मागे गेलं.

जेवण थंड होतंय आणि सेक्रेटरीसाहेब घड्याळ बघतायत. मेनूत कोशिंबीर आहे हे मी आधीच पाहून आलोय. ती पहिल्यांदा वाढून घ्या.